दवाखान्यापर्यंतचे अंतर

मुळशी तालुक्याचा पूर्व भाग म्हणजे हिंजवडी, बावधन, पिरंगुट. पुणे शहर आता तिथवर पोहोचले आहे. पौड मागे टाकून ताम्हिणीकडे निघाले की दुसरा मुळशी सुरू होतो. तिथे डोंगर आहेत, धुवाधार पाऊस आहे आणि धरणाचा लांबवर पसरलेला फुगवटा आहे. या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात झालेला सत्याग्रह सेनापती बापटांच्या नावाने आपल्या स्मरणात आहे. टाटांच्या प्रकल्पाची वीज मुंबईला गेली आणि खोऱ्यातली शेते, घरे, जुन्या वाटा पाण्याखाली गेल्या. त्यानंतर समोर दिसणाऱ्या गावाला जायलाही पाण्याला वळसा घालावा लागू लागला. बाई अडली असेल तर या वळशाचा अर्थ काय होतो, याची चर्चा सत्याग्रहाच्या इतिहासात सहसा येत नाही.

हा प्रश्न अर्थातच एकट्या मुळशीचा नव्हता. १९४६ साली भोर समितीने ब्रिटिश हिंदुस्थानच्या आरोग्याचा अहवाल दिला. दरवर्षी सुमारे दोन लाख स्त्रिया गरोदरपणात किंवा बाळंतपणात दगावतात, असा तिचा अंदाज होता. हजार जिवंत जन्मांमागे हे प्रमाण सुमारे वीस मातांचे होते. समितीच्या शिफारशींवरून पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना रुजली आणि १९५२ पासून केंद्रे उघडू लागली. डोंगराळ व आदिवासी भागासाठी निकष पुढे सैल करण्यात आले. सपाटीवर ३० हजार लोकसंख्येमागे एक केंद्र, तर डोंगरात २० हजारांमागे एक. उपकेंद्रासाठी हेच आकडे ५ हजार आणि ३ हजार. मात्र लोकसंख्येच्या हिशेबात वाट किती चढाची आहे, ओढ्यावर साकव आहे की नाही, हे मोजले जात नाही.

१९९४ साली कोलंबिया विद्यापीठाच्या थॅडियस आणि मेन या अभ्यासकांनी मातामृत्यूंमागच्या तीन विलंबांची मांडणी केली. पहिला विलंब घरात निर्णय होण्याचा, दुसरा वाटेतला आणि तिसरा दवाखान्यात पोहोचल्यावर उपचार मिळण्याचा. यातला दुसरा विलंब रस्त्याने आणि गाडीने कमी होतो, तिसरा चांगल्या रुग्णालयाने. पहिला मात्र घराच्या उंबऱ्याच्या आतला आहे. तिथे पोहोचायला गावातलेच, विश्वासाचे माणूस लागते.

महाराष्ट्रात हे उत्तर या मांडणीच्या कितीतरी आधी सापडले होते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली नगर जिल्ह्यातल्या जामखेडला काम सुरू केले. गावोगावी प्रशिक्षित परिचारिका ठेवण्याचा त्यांचा पहिला प्रयत्न फारसा जमला नाही. बाहेरून आलेल्या मुली गावात टिकत नव्हत्या. मग गावातल्याच स्त्रिया निवडल्या गेल्या. त्यांतल्या अनेक निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या. गरोदर बाईची तपासणी, बाळाचे वजन, जुलाबात साखर-मिठाचे पाणी हे सारे त्या शिकल्या आणि शिकवू लागल्या. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातील अशा प्रयोगांवर काढलेल्या पुस्तकात जामखेडचा समावेश होता.

पुणे जिल्ह्यात हीच दिशा डॉ. बानू कोयाजी यांनी धरली. त्या १९४४ साली पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात रुजू झाल्या, तेव्हा ते सुमारे चाळीस खाटांचे प्रसूतिगृह होते. पुढे त्याचे मोठे रुग्णालय झाले आणि सत्तरच्या दशकात त्यांनी ते शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकपर्यंत नेले. गावातली आरोग्य कार्यकर्ती आणि तिच्या पाठीशी शहरातले सुसज्ज रुग्णालय, ही वढूची जोडणी होती. तिचे महत्त्व कमी लेखू नये. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबत नसेल, तर कितीही जाणती कार्यकर्ती एकटी पुरी पडत नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने आणखी पुढचे पाऊल टाकले. जेमतेम शाळा शिकलेल्या गावातल्या स्त्रियांना नवजात बाळाला ऊब देणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे शिकवण्यात आले. ३९ गावांत ही सेवा होती. तुलनेसाठी ४७ गावे घेतली होती. सेवेच्या गावांत नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

या अनुभवांचा ठसा राष्ट्रीय धोरणावर उमटला. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ आली आणि २०११ पासून नवजात बाळाची घरभेट तिच्या कामात सामील झाली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी, आणि त्या साऱ्यांचे मिळून २५० रुपये. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका धावू लागली. २०१८–२० च्या नमुना नोंदणीनुसार लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू देशात ९७, तर महाराष्ट्रात ३३ होते. भोर समितीचा अंदाज याच मापात दोन हजारांचा होता.

या घसरणीचे श्रेय एकट्या आशेचे नाही. रस्ते, रक्तपेढ्या, मुलींचे शिक्षण, सारेच त्यात आहे. पण पहिला विलंब जिने कमी केला, ती आजही सरकारदरबारी ‘स्वयंसेविका’ आहे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. त्याच्या आधी आणि नंतरही महाराष्ट्रातल्या आशांना मोबदल्यासाठी संप करावा लागला. जामखेडपासून आपण तिला ज्ञान दिले, जबाबदारी दिली. कर्मचारी म्हणून दर्जा आणि वेतन मात्र दिले नाही.

मुळशीच्या खोऱ्याने शंभर वर्षांपूर्वी दुसऱ्यांच्या उजेडासाठी किंमत मोजली. त्याच खोऱ्यात आषाढाच्या पावसात घरभेटीला निघालेल्या बाईच्या चालण्याचे मोल ठरवताना तो हिशेब आठवायला हवा.