एचएसडीपीए

थ्रीजी जाळ्यात टॉवरकडून फोनकडे येणाऱ्या माहितीचा, म्हणजे डाउनलोडचा, वेग वाढवणारी पद्धत. पूर्ण नाव 'हाय स्पीड डाउनलिंक पॅकेट ॲक्सेस'. थ्रीजीपीपी या संस्थेच्या मानकांत पाचव्या आवृत्तीपासून (२००२) समाविष्ट. फोनवर रेंजच्या काड्यांशेजारी '३जी'ऐवजी कधी कधी उमटणारे इंग्रजी 'एच' हे अक्षर याचेच.

कार्यपद्धती : आधीच्या थ्रीजीत नेट वापरणाऱ्याला बहुधा स्वतंत्र वाहिनी मिळे, वेग प्रत्यक्षात सेकंदाला ३८४ किलोबिटपर्यंत. ग्राहक उघडलेले पान वाचत बसला तरी वाहिनी त्याच्याच नावावर अडकून राही. एचएसडीपीएत सर्वांची वाहिनी सामायिक असते आणि तिची वाटणी दर २ मिलिसेकंदांनी नव्याने होते. सिग्नल कसा मिळतो हे फोन ० ते ३० अशा गुणांत कळवत राहतो. त्यावरून पुढची पाळी कोणाची हे टॉवरवरची यंत्रणा ठरवते. पूर्वी असे निर्णय दूरच्या नियंत्रक केंद्रात होत. चर्चा मॉड्युलेशनची, म्हणजे लहरीवर बिट बसवण्याच्या रीतीची, जास्त होते, पण पद्धतीचा खरा गाभा हे निर्णय टॉवरवर आणण्यात आहे. चुकलेला तुकडाही टॉवरच पुन्हा पाठवतो, आणि फोन आधीची खराब प्रत टाकून न देता नव्या प्रतीशी जुळवून वाचतो.

मॉड्युलेशन : क्यूपीएसकेमध्ये एका चिन्हावर २ बिट जातात, १६-क्वाममध्ये ४. एका कोडवर, म्हणजे सामायिक वाहिनीच्या एका भागावर, सेकंदाला २.४ लाख चिन्हे. १५ कोड आणि १६-क्वाम धरले की सेकंदाला १४.४ मेगाबिट. यात चूकदुरुस्तीचे जादा बिट धरलेले नाहीत. १६-क्वामला स्वच्छ सिग्नल लागतो. तो ढासळला की यंत्रणा क्यूपीएसकेवर उतरते. डोंगलच्या खोक्यावरचे '३.६' किंवा '७.२' हे आकडे त्या उपकरणाची कमाल क्षमता सांगत. सेलमधला, म्हणजे एका टॉवरच्या क्षेत्रातला, वेग मात्र तिथल्या सगळ्यांत वाटला जाई.

अपलोड : याच धर्तीची एचएसयूपीए, सहावी आवृत्ती.

उदाहरण, कोपरगाव : अहिल्यानगर जिल्ह्यातील हे गोदाकाठचे शहर दूरसंचाराच्या महाराष्ट्र व गोवा परिमंडळात येते; मुंबई परिमंडळ वेगळे. २०१० च्या लिलावात (९ एप्रिल ते १९ मे) या परिमंडळाचा २१०० मेगाहर्ट्झचा एकेक पट्टा व्होडाफोन, आयडिया व टाटा यांनी प्रत्येकी १,२५७.८२ कोटी रुपयांना घेतला. पट्टा ५ मेगाहर्ट्झचा, म्हणजे त्यावर थ्रीजीचा वाहक (कॅरिअर) एकच. त्यामुळे आठव्या आवृत्तीतली, शेजारचे दोन वाहक जोडून ४२ मेगाबिट देणारी सोय एवढ्या पट्ट्यावर बसत नव्हती; वेग वाढवायचा तो मुख्यतः मॉड्युलेशन आणि वाटणी यांतून. शिवाय २१०० मेगाहर्ट्झची लहर ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीपेक्षा कमी पल्ल्याची. कोळपेवाडी, सहजानंदनगर या साखर कारखान्यांच्या परिसरात उसाच्या शेतांतून विखुरलेल्या वस्त्यांपैकी ज्या टॉवरपासून लांब, तिथे गाठ क्यूपीएसकेशीच.

नंतर : जिओने ५ सप्टेंबर २०१६ रोजी थ्रीजी वगळून थेट एलटीई (फोरजी) सुरू केले. एलटीईनेही सामायिक वाहिनी ठेवली. वाटणीचा काळ १ मिलिसेकंदावर आला.