थंडीत भाट्ये किनाऱ्यावर ‘टेलगेट पार्टी’ करायचीय? तारीख ठरवण्यापासून निखारे विझवण्यापर्यंत सगळं काही

डिसेंबर उजाडला की इन्स्टाग्रामवर एकाच प्रकारच्या रील्स दिसायला लागतात. समुद्राकडे तोंड करून उभी गाडी, उघडलेली डिकी, आत पिवळ्या दिव्यांची माळ, बाजूला तंबू आणि शेगडीवर भाजला जाणारा बांगडा. व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी ती रील टाकतं, खाली मेसेज येतो, “या शनिवारी भाट्ये?” आणि प्लॅन ठरतो.

मजा येतेच, यात वाद नाही. पण पहिल्यांदाच जाणारे बहुतेक जण सगळा वेळ सामानाची यादी करण्यात घालवतात. भरती किती वाजता आहे, वारा कुठून येणार आणि शेगडी कुठे ठेवायची, हे कोणी बघत नाही. पार्टी बिघडते किंवा जिवावर बेतते ती याच तीन गोष्टींमुळे.

टेलगेट पार्टी म्हणजे नेमकं काय?

गाडीच्या मागच्या, खाली किंवा वर उघडणाऱ्या दाराला अमेरिकेत ‘टेलगेट’ म्हणतात. आपल्या भाषेत डिकीचं दार. तिकडे फुटबॉल सामन्याआधी लोक स्टेडियमच्या पार्किंगमध्येच डिकी उघडून खाणं-पिणं मांडतात, शेगड्या पेटवतात. त्यावरून हा शब्द आला.

कल्पना मात्र आपल्याला नवी नाही. घाटावर थंडीत ज्वारीच्या शेतात हुरडा पार्टी होते. रायगडात अलिबाग, पेण, रोहा भागात वालाच्या शेंगा आल्या की पोपटी लागते. थंडी, उघडं आकाश, जाळ आणि चार माणसं, हा मामला तोच. फक्त शेताच्या बांधाऐवजी गाडीची डिकी आली.

भाट्येच का?

रत्नागिरी शहरातून पावसकडे निघालात की काजळी नदीच्या खाडीवरचा भाट्ये पूल लागतो. पूल ओलांडला की उजव्या हाताला सुरूचं बन आणि त्यापलीकडे लांबलचक सपाट वाळू. खाडीच्या पलीकडे मांडवी आणि रत्नदुर्ग दिसतात. किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाकडे झरी विनायकाचं मंदिर आहे. भाट्याचं नारळ संशोधन केंद्रही याच रस्त्यावर.

शहर जवळ असणं हा पहिल्या वेळेसाठी मोठा फायदा आहे. काही विसरलं तर दुकान जवळ, काही झालं तर जिल्हा रुग्णालय जवळ.

इथे थंडी खरंच वाजते का?

जानेवारीत रत्नागिरीत पहाटेचं तापमान साधारण १८ ते २० अंशांच्या आसपास असतं. म्हणजे हिमालयासाठी बनवलेली स्लीपिंग बॅग इथे घेऊन आलात तर रात्रभर घामाने भिजाल. ‘कम्फर्ट’ रेटिंग १० ते १५ अंशांचं असलं तरी भरपूर. घरची गोधडी आणि एक चादर असली तरी चालतं.

इथे त्रास देतं ते दव. मध्यरात्रीनंतर तंबू, खुर्च्या, कपडे, गाडीची काच सगळं ओलं होतं. ओल्या कपड्यांवर वारा लागला की २० अंशांतही हुडहुडी भरते. म्हणून जाड जॅकेटपेक्षा कोरड्या कपड्यांचा एक जादा जोड, कानटोपी आणि डोक्यावर बांधायला ताडपत्री जास्त कामाची.

तारीख ठरवा, पण कॅलेंडरवर तिथी बघून

सगळ्यांना पौर्णिमा हवी असते. चांदणं, समुद्र, फोटो. पण किनाऱ्यावर संध्याकाळ घालवायला पौर्णिमा सोयीची नाही.

कोकणात भरतीची वेळ काढायचा एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. म्हणजे तिथीच्या आकड्याला तीनने गुणा आणि चारने भागा. पौर्णिमा म्हणजे १५, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. त्या दिवशी दुपारी आणि रात्री सव्वाअकराच्या आसपास पूर्ण भरती. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. वद्य पक्षात तिथी पुन्हा एकपासून मोजायची. वेळ थोडी मागेपुढे होते, पण अंदाज येतो. नेमक्या वेळेसाठी मोबाइलवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा.

आता गंमत बघा. पौर्णिमेला तुम्ही संध्याकाळी सहाला पोहोचता तेव्हा समुद्र लांब आत गेलेला असतो. वाळू ऐसपैस दिसते, सामान खाली मांडलं जातं. पण ओहोटी नुकतीच संपलेली असते आणि पुढचे पाच तास पाणी वर चढत राहतं. तेही साधं नाही, उधाणाचं. कारण पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती सर्वांत मोठी असते.

याउलट शुद्ध अष्टमी घ्या. संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती पूर्ण होते. म्हणजे पाणी जास्तीत जास्त कुठवर येतं ते तुम्हाला पोहोचल्यावरच समोर दिसतं आणि मग ते मागे जायला लागतं. ही भांगाची भरती, म्हणजे छोटी. वर अर्धा चंद्र सूर्यास्तालाच डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीपर्यंत उजेड देतो. पहिल्या पार्टीसाठी शुद्ध सप्तमी ते नवमीच्या आसपासचा शनिवार शोधा.

एक मात्र लक्षात ठेवा. ओहोटी लागली की खाडीचं पाणी जोरात बाहेर ओढलं जातं. नदीच्या मुखाजवळ आणि अंधार पडल्यावर कुठेही पाण्यात उतरायचं नाही.

गाडी कुठे, तंबू कुठे?

गाडी वाळूत उतरवू नका. वरून घट्ट दिसणारी ओली वाळू चाकाखाली बसते, ॲक्सिलरेटर दाबला की चाक आणखी रुततं आणि तोवर भरती येते. कोकणच्या किनाऱ्यांवर दर सीझनला अशा गाड्या ट्रॅक्टर लावून ओढून काढाव्या लागतात. रस्त्याकडेच्या मोकळ्या, टणक जागेतच गाडी लावा.

तंबूसाठी तीन नियम:

- माडाखाली नाही. नारळ किंवा झावळ पडायला वारा लागतोच असं नाही.
- सुरूच्या वाळक्या फांद्यांखाली नाही. खाली साचलेला सुरूचा पाला एका ठिणगीने पेटतो.
- शेवटच्या भरतीच्या रेषेच्या खाली नाही. वाळूवर काटक्या, शेवाळ, शिंपले यांची एक ओळ दिसते, ती ही रेषा. तिच्या बऱ्याच वर राहा.

तंबूच्या साध्या खुंट्या वाळूत टिकत नाहीत. कापडी पिशवीत वाळू भरून दोरी तिला बांधा आणि पिशवी हातभर खोल पुरा. वाऱ्याने सहज हलत नाही.

आणि रात्री राहायचंच असेल तर पहिल्या वेळी तंबू किनाऱ्यावर न लावता एखाद्या होम-स्टेच्या अंगणात किंवा वाडीत, मालकाला विचारून लावा. संडास, पाणी, उजेड मिळतो आणि कोणी उठवायला येत नाही. किनाऱ्यावर थांबायचं असेल तर आधी ग्रामपंचायतीत विचारून घ्या.

वारा रात्री फिरतो

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, ते इथे उपयोगी पडतं. दुपारपासून संध्याकाळपर्यंत वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो. सूर्यास्तानंतर तो मंदावतो. मग जमीन थंड झाली की रात्री उलटा, जमिनीकडून समुद्राकडे वाहायला लागतो.

म्हणजे सात वाजता धूर रस्त्याकडे जातोय म्हणून तुम्ही शेगडीच्या समुद्राकडच्या बाजूला बसलात, तर रात्री उशिरा तोच धूर आणि ठिणग्या तुमच्या अंगावर येणार. म्हणून शेगडी, तंबू आणि गाडी एका रेषेत ठेवू नका. किनाऱ्याला समांतर, एकमेकांपासून किमान दहा-पंधरा पावलांवर ठेवा. वारा कुठूनही आला तरी जाळ तंबूवर जाणार नाही.

सामान काय घ्यायचं?

सहा जणांसाठी एवढं पुरतं:

- ताडपत्री दोन, चटया, घडीच्या खुर्च्या
- तंबू, अंथरूण, प्रत्येकाला कोरडे कपडे
- चार्जिंगचे दिवे आणि एक हेडलॅम्प. डिकीचा दिवा रात्रभर चालू ठेवला तर सकाळी गाडी स्टार्ट होत नाही.
- पायांवर उभी राहणारी शेगडी किंवा छोटा गॅस, चिमटा, जाड कापड
- बर्फाचा डबा, दोन कॅन पिण्याचं पाणी
- पाण्याने भरलेली बादली, फक्त आगीसाठी
- प्रथमोपचार पेटी, भाजल्यावरचं मलम, डासांचं क्रीम
- घरची स्टीलची ताटं-पेले, कचऱ्यासाठी दोन मोठ्या पिशव्या

जेवण: घरी अर्धं, किनाऱ्यावर अर्धं

कापणं, वाटणं, मसाला लावणं घरी उरका. मासे मिरकरवाडा बंदरावरून घ्या, साफ करून थेट बर्फात ठेवा. कच्चे मासे किंवा चिकन बर्फाबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. कच्च्याचा आणि शिजलेल्याचा डबा वेगळा हवा.

मेन्यू साधा ठेवा. बांगडा, भाजलेली रताळी, मक्याची कणसं, थर्मासमध्ये कुळथाचं कढण किंवा चहा. रात्री दहाला गरम कढणाइतकं सुख दुसऱ्या कशात नाही.

होम-स्टेच्या अंगणात किंवा मोकळ्या शेतात असाल तर पोपटी करून बघा. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालायचा. त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, हवं तर मसाला लावलेलं चिकन, जाडं मीठ आणि ओवा यांचे थर द्यायचे. पाणी अजिबात नाही. तोंड पाल्यानेच गच्च बंद करून मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडून बघतात. चर्रकन आवाज होऊन ते उडालं की पोपटी तयार. भांबुर्डा ओळखणारं माणूस सोबत हवं, कुठलाही रानपाला चालत नाही.

सर्वांत महत्त्वाचं: जाळ आत न्यायचा नाही

रात्री दोनला थंडी वाजते. शेगडीत निखारे आहेत, धूर नाही. कोणीतरी म्हणतं, “तंबूत घेऊया थोडा वेळ.” इथेच माणसं मरतात.

अर्धवट जळणाऱ्या कोळशातून, लाकडातून आणि गॅसमधूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्टपणे या वायूला धरतं. मग श्वास चालू असला तरी शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे एका रिसॉर्टच्या बंद खोलीत गॅस हीटर लावून झोपलेले केरळचे आठ पर्यटक दगावले. त्यात चार मुलं होती.

धूर नाही म्हणजे धोका नाही, हा समज चुकीचा आहे. राखेखालचे शांत निखारेही हा वायू सोडतात. तंबूची चेन थोडी उघडी ठेवली तरी भरवसा नाही.

डिकीच्या पार्टीत आणखी दोन धोके आहेत:

- इंजिन चालू आणि डिकी उघडी. गाण्यांसाठी किंवा चार्जिंगसाठी इंजिन चालू ठेवलं जातं. सायलेन्सर डिकीच्या खालीच असतो. तो धूर उघड्या डिकीतून गाडीत शिरतो. डिकी उघडी असेल तर इंजिन बंद.
- डिकीतच शेगडी. रीलमध्ये छान दिसतं. पण बऱ्याच सीएनजी गाड्यांची टाकी डिकीतच असते. चूल नेहमी गाडीपासून लांब, जमिनीवर.

डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं ही सुरुवातीची लक्षणं. “जास्त झाली असेल” म्हणून झोपवू नका. त्या माणसाला आधी मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा.

नियम थोडक्यात

- सार्वजनिक ठिकाणी मद्यपान करता येत नाही. गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं तर गुन्हा.
- रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद.
- थर्माकोलच्या प्लेट-ग्लासवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे.
- थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यांवर अंडी घालायला येतात. वेळास, आंजर्ले आणि याच सागरी रस्त्यावर पुढे असलेलं गावखडी ही त्यांची माहितीतली ठिकाणं. कासव दिसलं तर दिवे बंद करा, फ्लॅश मारू नका, वाट सोडून उभे राहा. त्यांना कायद्याने वाघाइतकंच संरक्षण आहे.

निघताना

निखाऱ्यांवर वाळू लोटून निघून जाऊ नका. वाळूखाली ते कित्येक तास गरम राहतात आणि सकाळी तिथून अनवाणी जाणाऱ्या मुलाचा पाय भाजतो. पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा पाणी ओता. हात जवळ नेऊन उष्णता लागत नाही ना ते बघा, मग राख पिशवीत भरून सोबत न्या.

ग्रुपवर प्लॅन टाकताना तारीख, तिथी आणि भरतीची वेळ एकाच मेसेजमध्ये लिहा. शेगडी कोण सांभाळणार आणि गाडी कोण चालवणार, ही दोन नावंही त्यातच घाला. हे दोघं त्या रात्री पिणार नाहीत, हे आधीच ठरलेलं बरं.