बाराशे सीसीची लक्ष्मणरेषा

२८ फेब्रुवारी २००६ रोजी अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी लोकसभेत अर्थसंकल्प मांडला. त्यात लहान मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. सवलतीस पात्र ठरण्यासाठी मोटारीची लांबी चार मीटरांच्या आत हवी होती. पेट्रोल इंजिन असेल तर ते १२०० सीसीच्या आत आणि डिझेल असेल तर १५०० सीसीच्या आत. पुण्याच्या दोन औद्योगिक वसाहतींतून पुढे कोणत्या वेगवान मोटारी बाहेर पडल्या, त्या कोणाला परवडल्या आणि किती वर्षे टिकल्या, याचा शोध घेऊ लागले की वाट या अटीपाशी येऊन पोहोचते.

त्याआधी वेगाची चैन मध्यमवर्गाच्या हिशेबात बसतच नव्हती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी मुंबईत कुर्ल्याला तयार होई आणि खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून, रेडिएटर थंड होण्याची वाट पाहत उभी राही. घाट चढून जाणे हाच पराक्रम होता. तो किती वेळात चढला, हे विचारणारा विरळा.

युरोपात मात्र साध्या माणसाच्या मोटारीला वेग देण्याची कला केव्हाच रुजली होती. कार्लो अबार्थ यांनी १९४९ मध्ये इटलीत स्वतःची कंपनी काढली आणि फियाटच्या चिमुकल्या मोटारींची इंजिने फुलवून त्या शर्यतींत उतरवल्या. वृश्चिक ही त्यांची रास, म्हणून कंपनीचे चिन्ह विंचू. १९७६ मध्ये फोक्सवागनची गोल्फ जीटीआय आली. ११० अश्वशक्ती, पाच माणसांची जागा आणि भाजीच्या पिशव्या ठेवायला डिकी! सोमवारी कचेरीत आणि रविवारी घाटात नेता येईल अशी एकच मोटार, ही कल्पना तिने घरोघरी पोहोचवली.

भारतात या कल्पनेचा एक ठळक उच्चार २००१ मध्ये झाला. कुर्ल्यातच तयार झालेल्या फियाट पालिओच्या १.६ जीटीएक्स आवृत्तीत सुमारे १०० अश्वशक्ती होती. जाहिरातीत सचिन तेंडुलकर असूनही बहुसंख्य ग्राहकांचा पहिला प्रश्न ‘ॲव्हरेज किती?’ हाच राहिला. याच प्रश्नाला पिंपरीच्या टेल्कोने डिसेंबर १९९८ मध्ये डिझेल इंडिकाचे उत्तर दिले होते आणि बाजार जिंकला होता. पुढे करसवलत जाहीर होताच टाटांनी इंडिगो सेडानची डिकी आखूड करून २००८ मध्ये चार मीटरांत बसणारी ‘इंडिगो सीएस’ आणली. करासाठी मोटारीची शेपूट छाटण्याचा हा प्रकार पुढे देशभर रूढ झाला. दिसायला विजोड, पण व्यवहाराला चोख.

आता त्या दोन वसाहती. पुणे-नगर रस्त्यावरचे रांजणगाव अष्टविनायकांतील महागणपतीमुळे सर्वांना ठाऊक; पुणे-नाशिक रस्त्यावरचे चाकण १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळा यांनी शायिस्तेखानाविरुद्ध झुंजवलेल्या संग्रामदुर्गामुळे. रांजणगावात फियाट आणि टाटा यांचा संयुक्त कारखाना उभा राहिला. चाकणला फोक्सवागनच्या कारखान्याचे ३१ मार्च २००९ रोजी उद्घाटन झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पोलोचे उत्पादन सुरू झाले.

रांजणगावची खरी कीर्ती १.३ मल्टिजेट या डिझेल इंजिनाची. १२४८ सीसीचे हे इंजिन सवलतीच्या चौकटीत अचूक बसे आणि फियाट, टाटा, मारुती अशा प्रतिस्पर्ध्यांच्या बॉनेटखाली एकाच वेळी धडधडत असे. जानेवारी २०१२ मध्ये मारुतीने वर्षाला एक लाखापर्यंत इंजिने इथून घेण्याचा करार केला. स्वतःची मोटार फारशी विकली जात नाही, पण तिचे हृदय मात्र सगळ्यांना हवे, असे दैव क्वचितच एखाद्या कारखान्याच्या वाट्याला येते.

याच कारखान्याने २०१० मध्ये लिनिया टी-जेट आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये अबार्थ पुंटो बाजारात आणली. दोहोंत १३६८ सीसीचे टर्बो पेट्रोल इंजिन. पुंटोत त्याची शक्ती १४५ अश्वशक्तीपर्यंत नेलेली, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि किंमत दिल्लीत शोरूमबाहेर ९.९५ लाख रुपये. एवढ्या पैशांत एवढी ताकद देणारी दुसरी मोटार तेव्हा देशात नव्हती. पुंटो चार मीटरांत बसत होती, पण तिचे इंजिन रेषेच्या १६८ सीसी पलीकडे होते. म्हणजे आकार लहान मोटारीचा आणि कर मोठ्या मोटारीचा.

चाकणने रेषेचा मान राखला. एप्रिल २०१३ मध्ये आलेल्या पोलो जीटी टीएसआयचे इंजिन ११९७ सीसीचे होते. टर्बोच्या साहाय्याने त्यातून १०५ अश्वशक्ती आणि १७५ न्यूटन मीटर टॉर्क काढलेला, जोडीला सात गिअरांचा स्वयंचलित डीएसजी गिअरबॉक्स, किंमत ७.९९ लाख. तिची डिझेल बहीण जीटी टीडीआय आधी १.६ लिटरची, म्हणजे रेषेबाहेरची होती. २०१४ मध्ये तिचे इंजिन १४९८ सीसीचे झाले, तरी शक्ती १०५ अश्वशक्तीच राहिली. करकायदा वाचून अभियंता काय करतो, याचा याहून स्वच्छ पुरावा शोधूनही सापडणार नाही.

शौकिनांचे तट इथेच पडले. पुंटोचे हायड्रॉलिक स्टिअरिंग आणि खड्डे गिळणारे सस्पेन्शन यांवर एक पक्ष लुब्ध; हाताने गिअर टाकण्याचा आनंद जीटी टीएसआयमध्ये नाही, ही त्याची तक्रार. दुसऱ्या पक्षाला द्रुतगती मार्गावर क्षणात बदलणारे गिअर पुरेसे होते. दोन्ही पक्षांचे म्हणणे रस्त्यापुरते खरे. पण मोटार विकत घेतल्यावर तिच्यासोबत रोज राहावे लागते, आणि कोथरूडहून हडपसरला जाताना शर्यतीचा प्रश्न उरत नाही. कोरड्या क्लचचा गिअरबॉक्स गर्दीत इंचाइंचाने सरकताना तापतो. टर्बोला तेल वेळेवर बदललेले लागते. २०१२ मध्ये फियाट आणि टाटा यांनी विक्रीची व्यवस्था वेगळी करण्याचे ठरवले; फियाटला नवी दालने नव्याने उभारावी लागली. सुटा भाग कुठे मिळेल आणि जुनी मोटार कोण घेईल, हे प्रश्न मग अश्वशक्तीपेक्षा मोठे झाले. लोकांनी अबार्थला नाकारले, असे म्हणणे अन्यायाचे आहे. त्यांनी पुढच्या दहा वर्षांचा हिशेब केला.

‘ॲव्हरेज’चे प्रमाणपत्रही पुण्यातूनच मिळते. वेताळ टेकडीवरील एआरएआय ही १९६६ मधली संस्था ते आकडे ठरवते. तिच्या चाचणीनंतर डिसेंबर २०१५ मध्ये फोक्सवागन समूहाला ईए १८९ डिझेल इंजिनांच्या सव्वातीन लाखांच्या आसपास मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर करावे लागले. चाकणच्या डिझेल मोटारींच्या उत्सर्जनाचा निवाडा त्याच शहरातल्या टेकडीवर झाला.

पुंटो आणि लिनिया २०१९ पर्यंत संपल्या, मल्टिजेट बीएस-६ नियमांपुढे थांबले, आणि २०२२ मध्ये ७०० ‘लीजंड’ मोटारींनिशी पोलोने निरोप घेतला. त्याच वर्षी चाकणहून आलेल्या व्हर्टस जीटीत १५० अश्वशक्ती आहे, पण तिची किंमत १७.९१ लाखांपासून सुरू झाली. रेषेच्या आत राहिली ती टाटांची पुण्यात तयार होणारी अल्ट्रोझ: २०२४ च्या ‘रेसर’ आवृत्तीत ११९९ सीसी, १२० अश्वशक्ती, ९.४९ लाख. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कर रेषेच्या आत १८ टक्के आणि बाहेर ४० टक्के झाला. चिदंबरम यांच्या अर्थसंकल्पात आठ टक्क्यांची असलेली दरी आता बावीस टक्क्यांची आहे.

दरम्यान २०१० च्या पहिल्या टी-जेट मोटारींनी नोंदणीची पंधरा वर्षे पूर्ण केली आहेत. पुनर्नोंदणी, तंदुरुस्तीची तपासणी आणि पर्यावरण कर भरून त्या पाच वर्षे आणखी धावू शकतात. टर्बोचा सुटा भाग मात्र मालकाने स्वतः शोधायचा.