सल्ल्याला पदवी कशाला?

सल्ला ही आपल्या समाजांत फुकट मिळणारी वस्तु समजली जाते. मुलगा परीक्षेंत नापास झाला, मुलीचें सासरीं पटेना, कर्त्या पुरुषाची नोकरी गेली, कीं मामांपासून शेजाऱ्यांपर्यंत सारेच सल्ला देण्यास पुढें सरसावतात. अशा स्थितींत घरांतील पदवीधर मुलीनें समुपदेशन या विषयांत आणखी दोन वर्षें घालवून पदव्युत्तर पदवी घेण्याचा मनोदय सांगितला, तर वडील मंडळी सहज विचारतात, "सल्ला देण्यास पदवी कशाला हवी?" हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं. त्याचें उत्तर इतिहासांत शोधावें लागतें; आणि श्रोतेहो, तो इतिहास फार जुनाही नाहीं.

विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंतील बोस्टन शहरांत परदेशांतून पोट भरण्यासाठीं आलेल्या लोकांची दाट वस्ती झाली होती. जुन्या जगांत बापाचा धंदा तोच मुलाचा धंदा. निवडीचा प्रश्नच फारसा नसे. कारखान्यांच्या शहरांत ही परंपरा तुटली. जें दार उघडें दिसेल त्यांत पोरसवदा मुलगा शिरे, आणि मन न रमल्यामुळें थोड्याच दिवसांत बाहेर पडे. ही दैना फ्रँक पार्सन्स या गृहस्थांनीं पाहिली. ते शिक्षणानें इंजिनियर. पुढें शिक्षक, वकील व कायद्याचे अध्यापक झालेले. १९०८ च्या जानेवारींत त्यांनीं बोस्टन येथें व्यवसाय-मार्गदर्शनाची कचेरी उघडली. येणाऱ्या तरुणापुढें ते शंभराहून अधिक प्रश्न ठेवीत. त्यांची पद्धति तीन पायऱ्यांची होती: प्रथम स्वतःची ओळख, नंतर निरनिराळ्या धंद्यांची माहिती, आणि शेवटीं या दोहोंचा विवेकानें घातलेला मेळ. निवड मात्र ज्याची त्यानें करावयाची. हें काम हौसेनें भागण्यासारखें नसून त्यासाठीं शिकविलेला मनुष्य पाहिजे, असें त्यांचें मत होतें. दुर्दैवानें त्याच वर्षींच्या सप्टेंबरांत ते वारले. त्यांचें पुस्तक १९०९ सालीं मागाहून प्रसिद्ध झालें. तथापि रोप जगलें. १९११ सालीं हार्वर्ड विद्यापीठांत या विषयाचे वर्ग निघाले, आणि सल्ला ही विद्यापीठांत शिकण्याची गोष्ट ठरली.

याच १९०८ सालीं दुसराही एक प्रवाह उगम पावला. येल विद्यापीठाचे पदवीधर क्लिफर्ड बिअर्स यांचें मन तरुणपणींच बिघडलें, आणि कांहीं वर्षें त्यांना वेड्यांच्या इस्पितळांत काढावीं लागलीं. बरे झाल्यावर तेथील हाल त्यांनीं पुस्तकरूपानें जगापुढें मांडले, आणि मनाच्या आरोग्याची चळवळ उभी केली. एक प्रवाह पोटाच्या चिंतेतून निघाला, दुसरा मनाच्या व्यथेतून. पुढें दोन्ही एकत्र मिळाले.

या संगमावर कार्ल रॉजर्स यांचें नांव ठळकपणें दिसतें. मुलांच्या अडचणी सोडविण्याच्या कामांत बारा वर्षें घालवून ते १९४० सालीं ओहायो येथें प्राध्यापक झाले, आणि १९४२ सालीं त्यांनीं समुपदेशनावर ग्रंथ लिहिला. त्यांत एका गृहस्थाशीं झालेल्या आठ भेटींतील संभाषण तबकड्यांवर मुद्रित करून अक्षरशः छापलें होतें. रेडिओच्या श्रोत्यांना याचें महत्त्व निराळें सांगावयास नको. बंद खोलींतील बोलणें प्रथमच विद्यार्थ्यांसमोर आलें. सल्लागारानें कोठें घाई केली, कोठें तो नाहक बोलला, हें पारखतां येऊं लागलें. रॉजर्स यांचा सिद्धान्त असा कीं, उत्तर सांगण्यापेक्षां समोरच्याला त्याचें उत्तर सांपडेपर्यंत ऐकून घेणें हें खरें काम. आपल्या 'समुपदेशन' या शब्दांत 'उपदेश' बसलेला आहे. परंतु या विद्येचा पहिला धडा उपदेश आवरण्याचा आहे.

पुढें राज्यकर्त्यांनाही या विद्येची गरज भासली. १९५७ सालीं रशियानें पहिला कृत्रिम उपग्रह सोडला; त्या धक्क्यानें अमेरिकेनें १९५८ सालीं कायदा करून शाळांतील समुपदेशक तयार करण्यासाठीं पैसा पुरविला. १९७६ सालीं व्हर्जिनिया राज्यानें समुपदेशकांस परवाना देण्याचा कायदा तेथें सर्वप्रथम केला.

आपली मुंबईही या इतिहासाच्या बाहेर नाहीं. १९३६ सालीं नागपाडा येथें सर दोराबजी टाटा यांच्या नांवानें समाजकार्याची पदव्युत्तर शाळा सुरू झाली. त्या शाळेनें १९३७ सालीं बालमार्गदर्शनाचें चिकित्सालय काढलें. पदवी घेतलेल्या मनुष्यानेंही दुसऱ्याचें दुःख समजून घेण्यासाठीं पुन्हा विद्यार्थी व्हावें, ही कल्पना तेथें आपल्याकडे रुजली. १९४१ सालीं मुंबईंत बाटलीबॉय यांच्या नांवानें व्यवसाय-मार्गदर्शनाची कचेरी निघाली, आणि १९५४ सालीं दिल्लीस मध्यवर्ती सरकारची कचेरी उघडली.

येथें दुसरी बाजूही मांडली पाहिजे. १९५३ सालीं लंडनमधील चॅड व्हारा या धर्मोपदेशकांनीं आत्महत्येच्या विचारांत असलेल्यांसाठीं एक टेलिफोन ठेवला. भेटीस आलेल्यांना ताटकळावें लागे, म्हणून कांहीं स्वयंसेवक त्यांना चहा देत व त्यांच्याशीं बोलत बसत. पुढें असें दिसलें कीं, या बोलण्यानेंच अनेकांचा भार हलका होई, आणि व्हारा यांना भेटण्याची गरजच उरत नसे. त्या स्वयंसेवकांपाशीं समुपदेशनाची पदवी नव्हती. मग पदवीवांचून अडतें कोठें?

मी मॅट्रिकपुढें न शिकलेला शाळामास्तर. निकालाच्या दिवशीं पालकांचे चेहरे मी वर्षानुवर्षें पाहिले आहेत. माझें उत्तर असें, कीं प्रेमळपणा पदवीनें येत नाहीं. परंतु प्रेमळपणाला आपली मर्यादा दिसत नाहीं, ती पदवीच्या अभ्यासानें दिसावी. ही उदासी चार दिवसांची कीं डॉक्टरकडे तात्काळ पाठविण्यासारखी, हें ओळखणें. ऐकलेलें गुपित पोटांत ठेवणें, आणि जिवाला धोका असेल तेव्हां तें कोणाला सांगावें हें जाणणें. समोरच्याच्या दुःखांत आपलें दुःख न मिसळणें, या गोष्टी अनुभवी माणसाच्या नजरेखालीं काम करून शिकाव्या लागतात. व्हारा यांच्या संस्थेनेंही पुढें स्वयंसेवक निवडून व शिकवूनच घेतले, हें विसरतां कामा नये.

आज हा प्रश्न केवळ चर्चेचा राहिलेला नाहीं. आरोग्य क्षेत्रांतील सहायक व्यवसायांसाठीं २०२१ सालीं जो कायदा झाला, त्याच्या परिशिष्टांत समुपदेशकांचे कांहीं वर्ग घातले आहेत. जुलै २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनीं निदान एक योग्य शिक्षण घेतलेला समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता नेमावा, असें सांगितलें. उद्यां आपलीं मुलें ज्या दारावर थाप मारणार, त्या दाराआड कोण बसलेला असेल, हा प्रश्न प्रत्येक घराचा आहे.

म्हणून घरांतील मुलगा वा मुलगी हा अभ्यासक्रम घेऊं म्हणत असेल, तर "पदवी कशाला?" असें न विचारतां "कोणती पदवी?" असें विचारावें. अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखालीं प्रत्यक्ष माणसांशीं बोलण्याचें काम तेथें किती तास करवून घेतात, त्या कामाची तपासणी कोण करतो, आणि तेथील शिक्षकांनीं स्वतः असें काम केलें आहे काय, याची चौकशी प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वीं अवश्य करावी.