बिनकामाची सायकल

आमच्या अंबडात सायकलवर निघालेला माणूस दिसला की ओट्यावरून सवाल यायचा, "काय काम काढलं?" दूध घालायचं असेल, दळण न्यायचं असेल, डॉक्टरला बोलवायचं असेल, नाहीतर कुणाच्या मयतीचा सांगावा द्यायचा असेल. काही ना काही असायचंच. "काही नाही, असाच निघालो," हे उत्तर पोरवयात मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. सायकल आणि काम एका जुवाला जुंपलेले होते.

मागल्या हिवाळ्यात, पासष्टाव्या वर्षी, मी तसा निघालो. नातवाची गिअरची सायकल घेतली आणि गोदावरीच्या खोऱ्यानं चांदोरीच्या पुढं, थोरल्या बहिणीच्या गावापर्यंत गेलो. निघताना शेजाऱ्यानं विचारलंच, "काका, काय काम काढलं?" मी म्हणालो, "काही नाही, असाच." ते पुरतं खरं नव्हतं. काय खरं होतं ते शेवटी सांगतो. आधी सायकलीचं सांगतो.

आज आपण जिला सायकल म्हणतो, दोन सारखी चाकं आणि मागच्या चाकाला चेन, ती इंग्लंडात १८८५ च्या सुमाराला घडली. १८८८ ला डनलॉपनं हवा भरायचा टायर काढला आणि बसणाऱ्याची हाडं वाचली. आपल्याकडं ती आधी साहेबाकडं आली, मग मास्तर आणि पोस्टमनकडं. शेतकऱ्याच्या दारात उभी राहिली ती स्वातंत्र्यानंतर, इथंच कारखाने वाढल्यावर. १९५१ ला सोनिपतला ॲटलस निघाली, १९५६ ला लुधियान्याला हिरो सायकल. काळी, उंच, बावीस इंची चौकटीची ती सायकल पन्नास वर्षं देशाचा बोजा वाहत होती.

आमच्या घरात ती आली बहात्तरच्या दुष्काळाआधी तीन-चार वर्षं. जुनीच होती, दोन हातांतून फिरून आलेली. आण्णा, म्हणजे आमचे वडील, तिच्या कॅरिअरला दोन्हीकडं दुधाच्या किटल्या अडकवून पहाटे नाशिकला जायचे. अंबड वर आहे, नाशिक नदीकाठी खाली. म्हणून जाताना किटल्या भरलेल्या आणि रस्ता उताराचा, येताना किटल्या रिकाम्या आणि रस्ता चढाचा. देवानं एवढा हिशेब शेतकऱ्याच्या बाजूनं केला होता. हँडलला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा, रात्री दिवा लागायचा. दोन्हीपैकी एक नसलं आणि शिपायानं धरलं, की त्या दिवसाचं दूध फुकट घातल्यासारखं व्हायचं.

आण्णा दुपारी झोपले की सायकल आमची. मी दहा-अकरा वर्षांचा. पाय सीटवरून पुरत नव्हते, म्हणून आधी कैची, म्हणजे नळीखालून पाय घालून तिरकं तिरकं चालवायचं. मग नळीवर बसून, मग सीटवर. गुडघे फुटले, पायडल वाकलं, शिव्या खाल्ल्या. "मी सायकल शिकलो" ही गोष्ट मी आयुष्यभर पोरानातवंडांना रंगवून सांगितली. त्यात एक माणूस मात्र कधी आला नाही. कॅरिअर धरून माझ्यामागं खळ्यात पळणारा माणूस. ती माझी थोरली बहीण, आक्का.

आक्का माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आणि अभ्यासात माझ्याहून चार वर्षांनी पुढं. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढं हायस्कूल नाशिकात, अडीच कोसांवर. मास्तर घरी येऊन आण्णांना म्हणाले होते, पोरीला पुढं शिकवा. आण्णा नाही म्हणाले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "गुरुजी, पण जाणार कशी?"

आक्कानं त्या सवालाचं उत्तर शोधलं. एका दुपारी ती मला म्हणाली, "आता तू मागून धर." परकर खोचून ती सायकलवर बसली. दोन-तीन दिवसांत तिला तोल सापडला. चौथ्या दिवशी मी कॅरिअर धरून पळता पळता हात सोडला. तिला कळलं नाही, किंवा कळलं असेल. ती एकटी विहिरीपर्यंत गेली, वळली आणि परत आली. पडली नाही.

रात्री जेवताना मला राहवलं नाही. "आण्णा, आक्काला सायकल येती! विहिरीपर्यंत एकटी गेली!" मी कौतुकानंच सांगितलं. आजीनं हातातला घास ताटात ठेवला. आण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून दुपारी सायकलला साखळी-कुलूप दिसायला लागलं. सातवीनंतर आक्काची शाळा बंद झाली. त्या साली पाऊसही झाला नाही, म्हणून घरात सगळे म्हणायचे, दुष्काळानं शाळा सुटली. दोन वर्षांनी मी त्याच सायकलवर हायस्कूलला जायला लागलो आणि १९७६ ला दहावी झालो. त्याच उन्हाळ्यात आक्काचं लग्न झालं.

पुढं आमचं गाव बदललं. आधी सातपूरला औद्योगिक वसाहत झाली होती, मग अंबडला झाली. सिडकोनं नवीन नाशिक वसवायला घेतलं. १९८२ ला महानगरपालिका झाली आणि अंबड शहरात गेलं. तेव्हा सायकलींची खरी गर्दी मी पाहिली. पाळी सुटली की कारखान्याच्या दारातून सायकली अशा निघायच्या, जशा मेंढ्या वाड्यातून. प्रत्येक हँडलला डबा. पंक्चरवाल्याला जेवायला फुरसत नसे. कुणाच्या चाकाचा आऊट काढायचा, कुणाचे छर्रे बदलायचे, कुणाचं ओव्हरऑइल.

मग लुना आली, स्कूटर आली, हप्त्यावर मोटारसायकल मिळायला लागली. ज्याच्याकडं सायकल उरली तो गरीब, असं ठरलं. आमची सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकली ती टेकलीच. कोंबड्या तिच्या नळीवर बसायच्या. एके दिवशी भंगारवाला घेऊन गेला आणि त्या दिवशी घरात कुणी विषयसुद्धा काढला नाही. २०२० च्या जूनमध्ये ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. तारीख होती ३ जून. राष्ट्रसंघानं २०१८ पासून तीच तारीख जागतिक सायकल दिन म्हणून धरली आहे.

आणि गंमत बघा, सायकल गरिबाच्या हातून सुटली ती डॉक्टर-वकिलांच्या हातात गेली. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ ला अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सायकल शर्यत पुरी केली, जवळजवळ ४,८०० किलोमीटर. नाशिकहून पंढरपूरला सायकलींची वारी जायला लागली. आता रविवारी पहाटे डोक्यावर टोप आणि अंगाला चिकटलेले कपडे घातलेली माणसं आमच्या रस्त्यानं झुंडीनं जातात. सुरुवातीला आम्ही हसायचो. दूध नाही, डबा नाही, मग चालले कुठं? एकाला मी विचारलंच. तो म्हणाला, "काका, कुठंच नाही. नांदूरमध्यमेश्वरपर्यंत जायचं, चहा प्यायचा, यायचं." तो सवाल डोक्यातून जाईना. तो माणूस कुठंच जात नव्हता आणि तरी खूश होता.

म्हणून मीही निघालो. द्वारका ओलांडली, गोदावरीचा पूल मागं टाकला, औरंगाबाद रोडला लागलो. शहर सरलं आणि रान मोकळं झालं. त्र्यंबकला ब्रह्मगिरीवर निघालेली गोदावरी डोंगरातून उतरते, पण नाशिक सोडलं की तिची घाई संपते. पुढं तिला दारणा मिळते, कडवा मिळते. या नद्यांनी हजारो वर्षं गाळ आणून पसरला आणि ही काळी सपाटी झाली. दोन्ही बाजूंनी द्राक्षबागा, कांदा, ऊस. गिअर असून बदलायची पाळी क्वचितच आली. पासष्टीच्या गुडघ्यांनी तक्रार केली नाही. थंडीचं ऊन पाठीवर, बाजूनं पाटाचं पाणी. चाळीस वर्षं मी या रस्त्यानं भाऊबीजेला, लग्नाला, दहाव्याला मोटारसायकलनं आलो-गेलो होतो. रस्ता पाहिला तो त्या दिवशी.

सपाटी फुकट मिळत नाही, हेही सांगितलं पाहिजे. जिथं चाक सुखानं पळतं तिथं पूरही सुखानं पसरतो. १९६९ चा पूर जुनी माणसं अजून सांगतात. २०१६ ला आणि २०१९ ला चांदोरी-सायखेड्यात पाणी घुसलेलं आम्ही पाहिलं. चांदोरीला तर नदीच्या पात्रातच जुनी दगडी देवळं आहेत. पाणी उतरलं की उन्हाळ्यात दिसतात, एरवी बुडालेली. खाली नांदूरमध्यमेश्वरला गोदावरी-कडवा संगमावर इंग्रजांच्या काळात बंधारा झाला. त्याचे कालवे कोपरगावाकडं गेले. बंधाऱ्यामागं शंभर वर्षं गाळ साचला, पाणी उथळ झालं, आणि उथळ पाण्यावर पाखरं आली. १९८६ ला अभयारण्य झालं, २०२० ला रामसर पाणथळ म्हणून जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. बंधारा शेतीच्या कामासाठी बांधला, पाखरं बिनकामाची आली. आज लोक येतात ती पाखरं बघायला.

मी मात्र तिथवर गेलो नाही. आक्काच्या दारात उतरलो. ती दाणे पाखडत बसली होती. "कोण वारलं रे?" हाच तिचा पहिला सवाल. मी म्हणालो, "कुणी नाही. असाच आलो, सायकलवर." तिचा विश्वास बसेना. चहा झाला. मग मी जे सांगायला निघालो होतो ते सांगितलं. म्हणालो, "आक्का, तुझी शाळा दुष्काळानं नाही सुटली. मी जेवताना बोललो म्हणून सुटली."

ती सूप खाली ठेवून म्हणाली, "तू माझ्या समोरच बोलला होतास. मी काय बहिरी होते का?" थोडी थांबली. "बोलला नसतास तरी कुणीतरी सांगितलंच असतं. गाव काय आंधळं होतं? पण मला तुझा राग एक वर्ष होता. पुरं एक वर्ष. मग शेतकामात विसरले." तिनं मला माफ केलं असं मी म्हणत नाही. तिनं हिशेब सांगितला, एवढंच.

तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० नंतर साक्षरतेच्या मोहिमेत हजारो बायांना सायकल शिकवली गेली. बिहारनं २००६ ला नववीच्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. आपल्या सुरगाणा-पेठकडच्या मुलींनाही सरकारी योजनेत सायकल मिळते. "जाणार कशी?" या सवालाचं उत्तर सरकारला सापडायला चाळीस वर्षं लागली. आक्काला ते चार दुपारांत सापडलं होतं.

सवड हीसुद्धा जमिनीसारखी वाटून दिलेली असते, हे मला त्या सपाट रस्त्यानं शिकवलं. आण्णांना ती मिळाली नाही, कारण किटल्या होत्या. मला मिळाली ती म्हातारपणी. आक्काच्या वाट्याला विहिरीपर्यंतची एक फेरी आली, जाऊन-येऊन दोनशे पावलं.

निघताना ती सायकलजवळ आली. हँडल चाचपलं, गिअरची तार बघितली, घंटी वाजवली. मी म्हणालो, "बसतेस? मी धरतो मागून." ती सायकलच्या मागं गेली, वाकली आणि हसायला लागली.

"आरं, हिला कॅरिअरच नाही. धरशील कशाला?"

आठ दिवसांनी मी कॅरिअर बसवून घेतलं. नातू कुरकुरतोय, सायकलची शोभा गेली म्हणतो. कुरकुरू दे. येत्या भाऊबीजेला मी तीच सायकल घेऊन जाणार आहे.