देहाविना विलापिका : एव्हरेस्ट, १९२४ आणि नंतर

विलापिका या वाङ्मयप्रकाराची चर्चा आपल्याकडे बहुधा शोक करणारा आणि ज्याच्याविषयी शोक करावयाचा तो, या दोहोंच्या संबंधापुरती मर्यादित राहते. मृत्यू निश्चितपणे घडलेला आहे, ही बाब या चर्चेत गृहीत असते. ती गृहीत धरता येत नाही तेव्हा शोकाच्या संहितेचे काय होते, हा प्रश्न येथे एका प्रसिद्ध प्रकरणाच्या आधारे उपस्थित करावयाचा आहे. ८ जून १९२४ रोजी जॉर्ज मॅलरी आणि अँड्र्यू अर्विन हे दोन ब्रिटिश गिर्यारोहक एव्हरेस्टच्या ईशान्य धारेवर नाहीसे झाले. मॅलरी ३७ वर्षांचा होता, अर्विन २२ वर्षांचा. ‘नाहीसे झाले’ हे क्रियापद मी मुद्दाम योजले आहे. कारण पुढची पाऊणशे वर्षे या प्रकरणावरील बहुतेक लेखन ‘मरण पावले’ आणि ‘नाहीसे झाले’ या दोन क्रियापदांमधल्या जागेत झालेले आहे.

करुण आणि विप्रलंभ यांतील भेद सांगताना भरताने करुणाला निरपेक्षभाव आणि विप्रलंभाला सापेक्षभाव म्हटले आहे. पुनर्भेटीची आशा सर्वस्वी संपली की करुण, ती शिल्लक असेतो विप्रलंभ. शृंगाराच्या संदर्भातला हा भेद शोकाच्या इतिहासाला लावणे काहींना ओढाताणीचे वाटेल. तरीही फ्रॉइडने १९१७ मध्ये शोक आणि विषण्णता यांत जो भेद केला, त्याहून तो मला येथे अधिक उपयोगी वाटतो. फ्रॉइडचा प्रश्न गमावलेल्यापासून मन सुटते की नाही, हा आहे. भरताच्या भेदात मनाबाहेरच्या एका गोष्टीला, वार्तेला, स्थान आहे. देह सापडला नाही तर पळसाच्या काड्यांचा पुतळा करून त्याला अग्नी देणारा पालाशविधी आपल्या धर्मशास्त्राने सांगितला, तो सापेक्ष शोक निरपेक्ष करण्यासाठीच. हे न साधल्यास काय घडते याचे उदाहरण मराठी वाचकाला हिमालयात शोधावे लागत नाही. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या देहाची ओळख सर्वांना निःशंकपणे पटली नाही, पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही, आणि त्या रिकाम्या जागेत तोतया उभा राहिला.

एव्हरेस्टच्या रिकाम्या जागेत मात्र वाङ्मय उभे राहिले. त्याची पहिली संहिता शब्दांत नव्हती. भूगर्भशास्त्रज्ञ नोएल ओडेलने त्या दिवशी दुपारी १२ वाजून ५० मिनिटांनी ढग क्षणभर विरळ झाले असता धारेवर दोन ठिपके हलताना पाहिले. नंतर तो त्यांच्या शोधात सहाव्या तळापर्यंत पुन्हा चढून गेला आणि रिकाम्या हाती परतला. तेव्हा नॉर्थ कोलवरच्या बर्फात पांघरुणे क्रूसाच्या आकारात मांडून खालच्यांना खूण केली गेली. ही खूण जॉन नोएलच्या चित्रपटात आजही पाहता येते. मृत्यूची वार्ता इतक्या उघड चिन्हाने दिली जात असताना, ज्या वाक्यावर पुढचे सारे लेखन पोसले गेले ते ओडेलचे, दोन ठिपके वर चढत होते एवढेच सांगणारे. ते नेमके कोणत्या टप्प्यावर दिसले याविषयीचे त्याचे स्वतःचे मत पुढे बदलत गेले. साक्षीदाराच्या या अनिश्चिततेने संहिता दुबळी झाली नाही, उलट ती पुनःपुन्हा वाचली जाऊ लागली.

१९ जूनला सांकेतिक भाषेतली तार लंडनला पोहोचली. १७ ऑक्टोबर १९२४ रोजी सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये राजा पाचव्या जॉर्जच्या उपस्थितीत स्मरणप्रार्थना झाली. चेस्टरच्या बिशपने प्रवचनासाठी दाविदाने शौल आणि योनाथान यांच्यासाठी केलेल्या विलापाचा आधार घेतला. हा विलाप रणात पडलेल्यांसाठी आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. महायुद्ध संपून सहाच वर्षे झाली होती. मॅलरी स्वतः सोमच्या आघाडीवर तोफखान्यात होता. आणि श्रोत्यांमध्ये असे असंख्य लोक असणार की ज्यांचे मुलगे ‘बेपत्ता’ या एका शब्दात संपले होते. अज्ञात योद्ध्याची समाधी १९२० मध्ये झाली होती. देहाविना शोक कसा करावा याची भाषा इंग्लंडकडे तयार होती, ती पर्वतावर नेण्यात आली. त्या भाषेबरोबर एक तर्कही गेला. सैनिकाचा मृत्यू कशासाठी तरी असतो, तेव्हा गिर्यारोहकाचाही असला पाहिजे. करुणाच्या ठिकाणी वीर आला, शोकाच्या ठिकाणी उत्साह हा स्थायीभाव झाला.

या स्थित्यंतराला नकार देणारी एक संहिता उपलब्ध आहे, आणि ती विधवेची आहे. रूथ मॅलरीने जेफ्री विन्थ्रॉप यंग या गिर्यारोहक मित्राला लिहिलेल्या पत्रांत, या मृत्यूमुळे आपल्याला जॉर्जविषयी वाटणारा अभिमान काही वाढलेला नाही, असे स्वच्छ म्हटले आहे. तिचे प्रेम त्याच्या जगण्यावर होते. तो शिखरावर पोहोचला की नाही याने तिच्या मनातील त्याच्या स्थानात फरक पडत नव्हता. आणि हे घडले नसते तर, ते इतक्या सहज टळू शकले असते, एवढीच तिची खंत होती. संपूर्ण प्रकरणातील खरा करुण मला या ओळींत दिसतो. ज्या प्रश्नावर शतकभर ग्रंथ लिहिले गेले तो प्रश्न तिने एका वाक्यात बाजूला सारला आहे.

आता या वाङ्मयाच्या दुसऱ्या बाजूकडे वळू. ७ जून १९२२ रोजी याच पर्वताच्या नॉर्थ कोलखालच्या उतारावर हिमलोट कोसळून सात भारवाहक ठार झाले. थांके, सांगे, तेंबा, ल्हाक्पा, पासांग नामग्यन, नोर्बू आणि पेमा ही त्यांची नावे. त्या दिवशी पुढे दोरावर मॅलरी होता, आणि त्याने नंतर पत्रांतून स्वतःला दोष दिला. सोमरव्हेलची प्रतिक्रिया अधिक बोलकी आहे. आपल्यापैकी एखादा ब्रिटिशही त्यांच्याबरोबर गेला असता तर बरे झाले असते, असे त्याला वाटले. म्हणजे आपणही या हानीत वाटेकरी आहोत हे शेर्पांना दिसले असते. मृतदेह खाली आणावेत काय, असे विचारता वाचलेल्या सोबत्यांनी, त्यांत मृतांचे भाऊही होते, ते जिथे आहेत तिथेच राहू द्यावेत असे सांगितले. त्यांनी आक्रोशही केला नाही, असे मॅलरीने नोंदवले आहे. तिसऱ्या तळावर दगडांची एक रास रचली गेली.

या सातांची विलापिका का झाली नाही? वर्ण आणि वर्ग हे उत्तर खरेच आहे, पण वाङ्मयीनदृष्ट्या ते पुरेसे नाही. या मृत्यूंत संदिग्ध असे काहीच नव्हते. कोण, कुठे, कशाने मेले हे त्याच दिवशी ठाऊक झाले. शोक निरपेक्ष होता, म्हणून कथनाला त्यात शिरकाव मिळाला नाही. १९२४ च्या मोहिमेने मूळ तळावर उभारलेल्या स्मारकात मात्र तीनही मोहिमांतील १२ मृतांची नावे एकत्र कोरली गेली : १९२१ मधील केलस, १९२२ चे सात, आणि १९२४ मधील मॅलरी, अर्विन, शमशेरपून व मनबहादूर. सेंट पॉल्समधली प्रार्थना दोघांसाठी होती. डिसेंबरमध्ये लंडनमध्ये नोएलचा ‘द एपिक ऑफ एव्हरेस्ट’ तिबेटी लामांच्या नृत्यासह दाखवला गेला, तेव्हा शोक आणि खेळ यांतले अंतर फारसे उरले नव्हते. त्या नृत्यांनी ल्हासा रुष्ट झाले आणि पुढची ब्रिटिश मोहीम १९३३ पर्यंत लांबली.

त्या १९३३ च्या मोहिमेला धारेखाली एक बर्फकुऱ्हाड सापडली. १९७५ मध्ये एका चिनी गिर्यारोहकाने जुन्या काळच्या इंग्रजाचा देह पाहिला. १९७९ मध्ये त्याने हे एका जपानी सहकाऱ्याला सांगितले आणि दुसऱ्याच दिवशी तो हिमलोटात गेला. १ मे १९९९ रोजी कॉनरॅड अँकरला ८,१०० मीटरांहून अधिक उंचीवर मॅलरीचा देह मिळाला. शोधपथकाची समजूत होती की हा अर्विन. सदऱ्याच्या कॉलरवर शिवलेल्या नावाने ती दुरुस्त केली. देहावर दगड रचून प्रार्थना म्हटली गेली. परंतु देहाची छायाचित्रे विकली गेली, आणि हिलरींसारख्यांनी त्याविषयी नाराजी व्यक्त केली. सापेक्ष शोक येथे निरपेक्ष व्हावयास हवा होता. तसे झाले नाही. रूथचे छायाचित्र शिखरावर ठेवण्याचे मॅलरीने ठरवले होते आणि ते त्याच्या खिशात नव्हते, एवढ्यावरून नवे तर्क सुरू झाले. नसलेली वस्तू हाच पुरावा ठरला. सप्टेंबर २०२४ मध्ये रोंगबुक हिमनदीवर एक बूट सापडला. आतल्या मोज्यावर अर्विनचे नाव शिवलेले होते. कॅमेरा अद्याप मिळालेला नाही. म्हणजे ही संहिता अजून बंद झालेली नाही, असे तिचे वाचक म्हणू शकतील.

वीराच्या या चौकटीला अटी आहेत, हे १९९५ मध्ये उघड झाले. प्राणवायूच्या नळकांड्यांविना एव्हरेस्ट चढलेली ॲलिसन हारग्रीव्ह्ज त्याच वर्षी १३ ऑगस्टला के-टूवरून उतरताना मरण पावली. दोन लहान मुले मागे ठेवून ती गेलीच कशी, हा प्रश्न ब्रिटिश वृत्तपत्रांनी विचारला. मॅलरीलाही तीन मुले होती. सेंट पॉल्समध्ये तो प्रश्न उच्चारला गेला नव्हता. ॲलिसनचा मुलगा टॉम बॅलार्ड २०१९ मध्ये नंगा पर्वतावर मरण पावला.

मॅलरीची थोरली मुलगी क्लेअर या साऱ्या वाङ्मयात बहुधा एकाच कामासाठी येते : छायाचित्राविषयीच्या वचनाची साक्षीदार म्हणून. वडील गेले तेव्हा ती आठ वर्षांची होती. पुढे तिने ग्लेन मिलिकन या शरीरशास्त्रज्ञाशी लग्न केले. रक्तातील प्राणवायू मोजणारे ऑक्सिमीटर हे उपकरण विकसित करणाऱ्यांपैकी तो एक. १९४७ मध्ये टेनेसी राज्यात कडा चढताना दगड कोसळून तो मरण पावला. क्लेअरच्या पदरीही तेव्हा तीन मुले होती.