कचारगडची वाट

इतिहास कागदपत्रांत सापडतो, हे खरे. परंतु ज्या समाजाने आपल्या पूर्वजांची कथा कागदावर न ठेवता कंठात ठेवली, त्याचा इतिहास कोठे शोधावा? आम्ही म्हणतो, वाटाड्याच्या मागोमाग डोंगर चढून शोधावा.

गोंदिया जिल्ह्याच्या पूर्वेस, छत्तीसगडच्या सीमेलगत, सालेकसा तालुक्यात दरेकशाचे डोंगर आहेत. मुंबई-हावडा लोहमार्ग त्यांच्यामधूनच जातो. दरेकसा स्थानकावर उतरून धनेगाव गाठावे. तेथून रानातली चढण कचारगडच्या विशाल गुहेपाशी नेते. येथला गोंड वाटाड्या नुसती वाट दाखवीत नाही. आपले पूर्वज याच गुहेत कोंडले गेले होते, तोंडावरची शिळा सारून पारी कुपार लिंगोने त्यांना सोडविले आणि त्यांची कुळे लावून दिली, हे तो सांगतो.

हीच कथा, थोड्याफार फरकाने, नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी परधान गायकाकडून टिपून घेतली होती. १८६३ साली ते बुडून वारले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापले. त्यांत गुहेचे नाव ‘काचीकोपा लोहागड’ असे येते. पण हे स्थळ कोणते? कोणी ते पंचमढीच्या महादेव डोंगरांत मानले. इकडचे गोंड कचारगडाकडे बोट दाखवितात. डॉ. मोतीरावण कंगाली आदी अभ्यासकांनी या श्रद्धेला बळ दिले, आणि १९८४ पासून माघ पौर्णिमेची यात्रा येथे वाढत गेली. आज अनेक राज्यांतील गोंड ही चढण चढतात.

आमच्या मते येथे दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. घटना कोठे घडली, हा एक; समाजाने तिची आठवण कोठे जपली, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पुराणकथेतून निघणार नाही. दुसऱ्याचे उत्तर मात्र पायवाटेवर मिळते, आणि तोही इतिहासच होय.

ही पायवाट यात्रेमुळे टिकेल. परंतु वाटेतल्या खडकांची, झऱ्यांची, वळणांची गोंडी नावे वाटाड्याच्या मुखातच आहेत. त्याच्या मुलाने ती ऐकली नाहीत, तर पाट्यांवरची परकी नावे तेवढी उरतील. म्हणून डोंगर पाहावयास जाणाऱ्याने वाटाड्याला वाट विचारावी, तशी नावेही विचारावीत, आणि ती लिहून ठेवावीत.